‘हे तुमच्याकडूनच आलंय’ म्हणणाऱ्या नणंदेला काय उत्तर देऊ?

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून सत्तेचाळीस वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात देते.

ताईंना दोन मुली. थोरली चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. तिची पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर दाट केस आहेत आणि विसाव्या वर्षीच पीसीओएसचं (अंडाशय आणि हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होणारा आजार) निदान झालेलं आहे. अंगाने शिडशिडीत, वजन एकावन्न किलो. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. धाकटी साडेपंधरा वर्षांची, यंदा दहावीला. तिला तेराव्या वर्षी पाळी आली. आता कधी बत्तीस दिवसांनी येते, कधी चाळीस. चेहऱ्यावर मुरमं आहेत. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर रिपोर्टवर ‘पीसीओडी’ (त्याच आजाराचं प्रचलित नाव) लिहून आलं आणि घर हादरलं.

नणंद म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं काही कुणाला नव्हतं. हे तुमच्याकडूनच आलंय.” ताई लिहितात: “मला स्वतःला लग्नाआधीपासून पाळी तीन-चार महिन्यांनी यायची. दोन मुलींत साडेआठ वर्षांचं अंतर पडलं ते काही ठरवून पाडलेलं नाही. म्हणजे नणंद खोटं बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. मिस्टर यात पडत नाहीत. शुगरची गोळी घेतात आणि पेपर उघडतात. सत्ताविसाव्या वर्षीच टक्कल पडलेलं, म्हणून लग्नात फेटा उतरवायला तयार नव्हते, तेव्हापासून गप्पच आहेत.”

त्यांचे प्रश्न तीन. हे खरंच माझ्याकडून आलं का? नात्यातल्या एकाने पंधरा हजारांची जेनेटिक टेस्ट सुचवली आहे, ती धाकटीची करून घ्यावी का? आणि थोरलीच्या सासरी सांगावं की नणंद म्हणते तसं तोंडातून अवाक्षर काढू नये? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “माझी पाळी अजूनही चार महिन्यांनी येते आणि आली की बारा-बारा दिवस जाते, पण माझं आता वयच झालं. ते सोडा, मुलींचं सांगा.”

ताई,

नणंदबाईंच्या वाक्यात अर्धं तथ्य आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. पीसीओएस घराण्यात चालतो. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांची हकिकत छापली, तिथून या आजाराची आधुनिक नोंद सुरू होते. आई, बहिणी, मावश्या यांच्यात तो पुन्हा पुन्हा दिसतो हे डॉक्टरांच्या नंतर लक्षात येत गेलं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांत दोघींचं या बाबतीतलं साम्य बरंच घट्ट निघालं. वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ते जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यावरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७२ टक्के निघाला.

हा आकडा ऐकून आया घाबरतात, आणि घाबरण्यासारखं वाचलं तर तो घाबरवतोच. पण ‘आईला असेल तर मुलीला ७२ टक्के होणार’ असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या समाजात काही बायकांना हा त्रास असतो, काहींना नसतो. हा फरक कशामुळे पडतो याचा हिशेब मांडला तर त्यातला बराचसा फरक जनुकांच्या खात्यावर जातो, इतकंच. धाकटीबद्दल अंदाज बांधायचा तर बहिणींचा अभ्यास जास्त कामाचा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पीसीओएस असलेल्या बायकांच्या सख्ख्या बहिणी तपासल्या होत्या. त्यांतल्या २२ टक्के जणींना पीसीओएस होता. आणखी २४ टक्के जणींची पाळी नियमित होती, पण रक्तात पुरुषी संप्रेरकं (हार्मोन) जास्त होती. उरलेल्या निम्म्याहून अधिक बहिणींना यातलं काहीच नव्हतं.

आता नणंदबाईंचं चुकतं ते कुठे. मुलीला निम्मी जनुकं आईकडून मिळतात आणि निम्मी बापाकडून. पुरुषाला अंडाशय नाही, पाळी नाही. ही जनुकं त्याच्या अंगात असली तरी पाळी चुकणार कुणाची? बायकांची पाळी चुकली की घरभर कळतं, पुरुषाकडे ते निमूट पुढे सरकतं. ‘आमच्या घराण्यात नव्हतं’ हे म्हणूनच छातीठोकपणे म्हणता येतं. शिवाय तुमच्या सासूबाईंची पाळी कशी होती, हे नणंदबाईंना तरी कुठून माहीत असणार? त्या काळी कावळा शिवण्यापलीकडे त्यावर बोलणं नव्हतं.

तुम्ही मिस्टरांबद्दल तीन-चार ओळीच लिहिल्यात, पण त्यांत शुगर आहे आणि सत्ताविशीतलं टक्कल आहे. पीसीओएस असलेल्या दहा हजारांहून जास्त बायकांची जनुकं तपासणारा एक मोठा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये आला. सगळ्या जणी युरोपीय वंशाच्या होत्या. त्यात या आजाराचं नातं इन्शुलिनशी, वजनाशी आणि पुरुषांच्या टकलाशीही जोडलेलं दिसलं. याचा अर्थ ‘मिस्टरांकडूनच आलं’ असं मी म्हणत नाही. टक्कल आणि मधुमेह आपल्याकडे इतके घरोघरी आहेत की त्यावरून कुणावर बोट ठेवता येणार नाही. थोडं तुमचं, थोडं त्यांचं असंच बहुधा असणार. नणंदबाईंनी पुन्हा विषय काढला तर भावाची शुगर कधीपासून आहे आणि सासूबाईंना होती का, एवढं मात्र जरूर विचारा. टोमणा म्हणून नाही. मुलींच्या डॉक्टरांना ही माहिती खरंच लागते.

पूर्वी असं वाटायचं की थॅलेसेमियासारखं इथेही एखादं जनुक बिघडलेलं असेल, ते सापडलं की झालं. तसं निघालं नाही. २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हजारो बायकांचे नमुने तपासून गुणसूत्रांवर तीन जागा दाखवल्या. २०१८ च्या अभ्यासात अशा चौदा जागा दिसल्या. काही जागा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांशी संबंधित आहेत, काहींचं काम अजून नीटसं उलगडलेलं नाही. ‘डेंड-१ए’ नावाचं एक जनुक चिनी आणि युरोपीय बायकांत सारखंच पुढे आलं. अंडाशयातल्या ज्या पेशी पुरुषी संप्रेरकं तयार करतात, त्यांचं काम ते वाढवतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण सापडलेल्या सगळ्या जागा एकत्र धरल्या तरी आनुवंशिकतेचा थोडाच भाग उलगडतो. प्रत्येक जागेचा हातभार चिमूटभर.

म्हणून त्या पंधरा हजारांच्या टेस्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. रिपोर्टमध्ये ‘धोका मध्यम’ किंवा ‘धोका जास्त’ असं रंगीत पानावर छापून येईल. त्यावरून निदान होणार नाही, औषध ठरणार नाही, आणि दहावीच्या पोरीच्या डोक्यात मात्र ते कायमचं बसेल. पीसीओएसच्या निदानासाठी जगातली कुठलीही मान्य मार्गदर्शिका जनुक तपासणी सांगत नाही.

जनुकाचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा ठरतो अशी एक जागा मात्र आहे, आणि तिच्याबद्दल पॅकेज विकणारे सहसा बोलत नाहीत. मूत्रपिंडाच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्यातल्या एका एन्झाइमची जन्मतः कमतरता असेल तर मुलगी अगदी पीसीओएससारखी दिसते: अनियमित पाळी, चेहऱ्यावर केस, मुरमं. हा आजार एकाच जनुकाचा आहे आणि सदोष जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच होतो. उपचार वेगळे आहेत, आणि पुढे मूल होऊ देताना नवऱ्याचीही तपासणी लागू शकते. त्याची पहिली चाचणी साधी रक्ताची आहे, ‘१७ हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन’, सकाळी आणि शक्यतो पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत करायची. थोरलीची जुनी फाइल काढा. त्यात ही चाचणी, थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या तिन्ही आहेत का बघा. नसतील तर लग्नाच्या खरेदीआधी त्या करून घ्या. पंधरा हजारांतले थोडेच जातील.

आता हार्मोनचं. ‘हार्मोन बिघडलेत’ हे वाक्य डॉक्टरांकडे इतकं स्वस्त झालंय की ते ऐकून कुणाला काही कळत नाही. पुरुषी संप्रेरक म्हणतात ते टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात असतं आणि असायलाच हवं. स्त्रीत्वाचं म्हणून ओळखलं जाणारं इस्ट्रोजेन त्याच्यापासूनच बनतं. पीयूषिका दोन निरोप पाठवते, एलएच आणि एफएसएच. एलएचच्या सांगण्यावरून अंडाशय टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं तयार करतं, एफएसएचच्या सांगण्यावरून त्यांचं इस्ट्रोजेन होतं आणि दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये एलएचचे ठोके जलद पडतात आणि एफएसएच त्या मानाने मागे राहतं. कच्चा माल भरपूर, पुढचं काम अडलेलं. छोटी फॉलिकल, म्हणजे बीज ज्यांत वाढतं ते इवलेसे कोश, वाढायला लागतात आणि काही मिलिमीटरवर थांबतात. सोनोग्राफीत मोत्यांच्या सरासारखी दिसतात ती हीच. तुम्ही पत्रात ‘गाठी’ लिहिलंय, त्या गाठी नव्हेत. ऑपरेशन करून काढण्यासारखं त्यात काही नसतं.

यात तेल ओततं ते इन्शुलिन. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांचे स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडतं. अंडाशयाचं तसं नाही, त्याला इन्शुलिन व्यवस्थित ऐकू येतं. ऐकू न येणाऱ्या आजोबांसाठी टीव्हीचा आवाज वाढवला की बाकी घराचं डोकं उठतं ना, तसं इथे अंडाशयाचं होतं. एलएच आणि इन्शुलिन मिळून त्याला आणखी टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतात. तिकडे यकृत एक प्रथिन बनवतं, जे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. वाढलेल्या इन्शुलिनमुळे ते प्रथिनही कमी होतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन अंगात फिरत राहतं. हनुवटीवरचे केस, मुरमं, भांगाजवळ विरळ होणारे केस हे त्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे उद्योग.

‘पण माझी मुलगी तर बारीक आहे, तिला कसलं इन्शुलिन!’ असं तुम्ही लिहिलंय. जाडी आणि पीसीओएस यांची आपल्या मनात इतकी गाठ बसली आहे की बारीक मुलींकडे डॉक्टरसुद्धा काणाडोळा करतात. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पंधरा ते चोवीस वयाच्या मुली तपासल्या. निकष सैल लावले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, कडक लावले तर १०.७ टक्के, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो. म्हणून थोरलीची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करा: उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त. बाप मधुमेही आहे म्हणजे तर नक्कीच. दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करायची, मूल हवं असेल तेव्हा आधी एकदा आणि गरोदरपणात पुन्हा. मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमली पट्टा दिसतो का तेही बघा. पुष्कळ घरांत तो मळ समजून पोरीला घासायला लावतात. तो इन्शुलिनचा निरोप असतो, घासून जात नाही.

तिने वजन कमी करायची गरज नाही, हे तिला आवर्जून सांगा, कारण पुण्यात कुणीतरी तिला डाएट विकणारच. तिला गरज आहे ती स्नायूंची. जिना, दोरीच्या उड्या, आठवड्यातून दोन-तीनदा थोडी वजनं उचलणं, वेळेवर झोप. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती औषध नाही आणि पोळी विष नाही. जेवणात डाळ, उसळ, अंडं यांचा वाटा वाढवा आणि उपासाच्या साबुदाण्याचा कमी करा. खाण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं खरंच काही नाही.

धाकटीच्या रिपोर्टवर माझा आक्षेप आहे. पाळी सुरू होऊन तिला अडीच वर्षं झाली. या वयात अंडाशयात भरपूर फॉलिकल दिसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की किशोरवयीन मुलींत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. एएमएच नावाची रक्ताची चाचणीही या वयात वापरायची नाही. तिच्या वयाच्या मुलीला पीसीओएस आहे असं म्हणायचं तर पाळी खरोखर अनियमित हवी आणि सोबत पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूणही हवी, दोन्ही. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या ते तिसऱ्या वर्षात २१ ते ४५ दिवसांची पाळी चालते. तिची ३२ ते ४० मध्ये येते, म्हणजे हिशेबात बसते. मुरमं या वयात निम्म्या वर्गाला असतात.

तेव्हा आज तिला पीसीओएस आहे असं म्हणता येत नाही. बहिणीमुळे आणि तुमच्यामुळे शक्यता थोडी जास्त, म्हणून लक्ष ठेवायचं, बस. पाळीच्या तारखा तिला स्वतः लिहू द्या, वहीत किंवा मोबाइलवर. तिसरं वर्ष सरल्यावर ३५ दिवसांच्या पुढे जायला लागली, कधी नव्वद दिवस उलटले, किंवा ओठावर, हनुवटीवर जाड केस यायला लागले तर दाखवा. तोवर तिला ‘पीसीओडी’ म्हणू नका. घरात कुणी म्हणालं तर अडवा. आणि पोटात का दुखत होतं, हे या गोंधळात बाजूलाच राहिलं आहे, ते डॉक्टरांना पुन्हा विचारा.

थोरलीचं निदान मात्र पक्कं दिसतं. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या तीन निकषांपैकी दोन पुरतात आणि इतर कारणं वगळावी लागतात. तिची पाळी आणि हनुवटी मिळूनच दोन होतात. ‘लग्न झालं की सुरळीत होतं’, ‘एक मूल झालं की जातं’ ही दोन वाक्यं तुम्हाला दवाखान्यातही ऐकायला मिळाली असतील. लग्नाने संप्रेरकं बदलत नाहीत. मूल होणार नाही हेही खरं नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना औषध न घेता, काहींना गोळ्यांच्या मदतीने. बीज पिकवण्यासाठी आता पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. २०१४ मध्ये ७५० बायकांवरच्या अमेरिकन चाचणीत जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के जणींना मूल झालं आणि लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना, तेही जास्तीत जास्त पाच चक्रांत. गंमत म्हणजे आपल्या सरकारने या कामासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठवली.

लगेच मूल नको असेल तर ‘पाळीच येत नाही, दिवस कसले जातात’ या भरवशावर दोघांनी राहू नये. बीज कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो, इतकंच. तिच्या पाळीत नव्वद दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका, कारण आतलं अस्तर साचत राहतं. त्यासाठी अधूनमधून प्रोजेस्टेरॉन किंवा रोजच्या संततिनियमनाच्या गोळ्या देतात. या गोळ्यांनी वांझपण येतं ही निव्वळ अफवा आहे. उलट मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं यकृताचं ते प्रथिन त्यांनी वाढतं आणि केस, मुरमं यांत फरक पडतो. मात्र रक्तदाब, मायग्रेन, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास हे सगळं विचारूनच डॉक्टरांनी त्या लिहाव्यात. मेडिकलमधून परस्पर आणू नका. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर मूल हवं असताना ते बंद करावं लागतं, हेही तिला माहीत हवं.

सासरी सांगायचं का? माझा पहिला प्रश्न उलटा आहे: हे ठरवणार कोण? तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, नणंदेचं आहे. थोरलीला काय वाटतं ते कुठेच नाही. शरीर तिचं, नवरा तिचा होणार, तर तिला विचारल्याशिवाय इथे काही ठरवणं बरं नाही.

न सांगण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. आपल्याकडे पाळीचा विषय निघाला की समोरच्याला ऐकू येतं ते ‘मूल होणार नाही’ एवढंच, आणि ठरलेली लग्नं असल्या अर्धवट माहितीवर मोडलेली मी पाहिली आहेत. भीती खोटी नाही. पण लपवल्यावर रोजचं काय होतं तेही बघा. गोळ्यांची पाकिटं पर्सच्या चोरकप्प्यात. हनुवटीचं थ्रेडिंग ‘पार्लरला जाऊन येते’ म्हणून. तिसऱ्या महिन्यात पाळी आली नाही की सासूबाई मनातल्या मनात ओटीभरणापर्यंत पोचलेल्या, आणि मग पाळी आली की सगळ्यांचं तोंड उतरलेलं. लग्नाला वर्ष झालं की ‘गोड बातमी कधी?’ सुरू होणार, तेव्हा तिला एकटीने ते झेलावं लागेल. पीसीओएस असलेल्या मुलींत चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं. डॉक्टरांनी त्याबद्दलही विचारावं असं आता मार्गदर्शिकांत लिहिलेलं आहे. त्यात गुपिताची भर कशाला?

माझं मत विचाराल तर तिने स्वतः, लग्नाआधी, होणाऱ्या नवऱ्याला सांगावं. सासूला, नणंदेला, चुलत सासऱ्यांना सांगायचं की नाही ते नंतर दोघांनी ठरवावं. बैठकीत तुम्ही सांगू नका. तिथे ते ‘मुलीत दोष आहे’ असं ऐकलं जातं. एखाद्या रविवारी दोघं भेटतील तेव्हा सरळ बोलावं: “मला पीसीओएस आहे. पाळी उशिरा येते, चेहऱ्यावर केस येतात, उपचार चालू आहेत. मूल हवं असेल तेव्हा कदाचित गोळ्या लागतील. तुला काही विचारायचं असेल तर माझ्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ.” एवढं पुरे. ‘माफ कर’ हा शब्द त्यात नको. मुलगा म्हणाला “माझ्या बहिणीलाही आहे”, तर नवल वाटून घेऊ नका, तसं फार वेळा होतं. आणि हे ऐकून तो मागे सरला, तर मार्गशीर्षाच्या आधी सरला हे बरं. हॉलचे आगाऊ दिलेले पैसे जातील, जाऊ देत. मूल न होण्यात पुरुषाचाही वाटा मोठा असतो आणि त्याची चाचणी लग्नाआधी कुणी मागत नाही, हेही जाता जाता नणंदबाईंच्या कानावर घाला.

आता तुमचं. ‘ते सोडा’ म्हणालात, ते मी सोडणार नाही. तुम्ही मुलींच्या काळजीने लिहिलंत, पण या घरात लवकरात लवकर डॉक्टरांकडे जायला हवं ते तुम्ही. लग्नाआधीपासून तीन-चार महिन्यांनी येणारी पाळी, दोन मुलींतलं न ठरवलेलं अंतर: तुम्हाला पीसीओएस असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त तुमच्या वेळी कुणी नाव दिलं नाही. वर्षानुवर्षं बीज वेळेवर न सुटल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. ते जाड होत जातं, आणि काही बायकांत त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवतो. चार महिन्यांच्या खंडानंतर बारा दिवसांचा रक्तस्राव ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. बहुतेकदा गंभीर काही निघत नाही, पण ते तपासल्यावरच म्हणता येतं.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. अस्तराची जाडी बघायला आतून सोनोग्राफी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला बायॉप्सी. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड, थोरलीसारखीच ग्लुकोजची चाचणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर घाईने हो म्हणू नका. अस्तराचा रिपोर्ट हातात आल्यावर बोलू म्हणा, आणि हवं तर नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अस्तर साधंच जाड असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी किंवा ते संप्रेरक असलेल्या कॉपर-टीसारख्या साधनाने भागतं, पिशवी वाचते. मिस्टरांना सोबत न्या, पेपर तिथेही वाचता येतो. त्यांची शुगरची फाइल पिशवीत टाका, डॉक्टर घराण्याचा इतिहास विचारतील तेव्हा दोन्ही बाजूंचा सांगता येईल.